आधी सासूबाईंचं बोलू, काउंटीचं नंतर

पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

डॉक्टरताई, नमस्कार.

सहा वर्षं आम्ही न्यू जर्सीत होतो. दोन वर्षांपूर्वी ह्यांना पूर्व केंटकीतल्या एका लहान काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हाच) हॉस्पिटलात नोकरी लागली. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं की व्हिसाचा प्रश्न सुटतो, त्या योजनेतून. डोंगर, झाडी, मोकळी हवा. मला गाव आवडलं होतं. गेल्या महिन्यात इथल्या पेपरात बातमी आली की आमच्या काउंटीत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण लुईव्हिल शहरापेक्षा कितीतरी जास्त आहे. समोरच्या घरातल्या आजी त्यातच गेल्या. त्यांचे यजमान कोळशाच्या खाणीत होते.

सासूबाई उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात राहतात. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "गावात कुठं असलं होतं? ही शहरातली दुखणी." मी नेटवर पाहिलं तर उस्मानाबाद-बीडचा आकडा लाखात चाळीस-पन्नास आणि अमेरिकेतल्या ग्रामीण काउंट्यांचा साडेचारशेच्या घरात! दसपट! ह्यांचं एक वर्ष अजून उरलंय. मुलगी अकराची आहे. आम्ही इथून निघावं का? मी बेचाळीस, हे सेहेचाळीस. इथे आल्यापासून माझी मॅमोग्राफीही (स्तनांची एक्स-रे तपासणी) राहिली आहे, मशीन सत्तर मैलांवर आहे.

आणि एक. सासूबाईंना दोन महिन्यांपासून अधूनमधून अंगावरून लाल जातंय. पाळी जाऊन दहा वर्षं झालीत. त्या म्हणतात उष्णतेनं होतंय. हे त्यांनी फक्त मला सांगितलंय.

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. काउंटीबद्दल तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत आणि सासूबाईंबद्दल शेवटी चार ओळी. मी त्या चार ओळींपासून सुरुवात करते. निघावं की राहावं हा विचार करायला तुमच्याकडे वर्ष आहे. सासूबाईंच्या बाबतीत मात्र आठवडाही घालवू नका.

पाळी कायमची गेल्यानंतर कधीही अंगावरून लाल गेलं, एकदाच गेलं, नुसता डाग पडला, तरी तपासून घ्यायचं. उष्णतेनं असं होत नाही. बहुतेक बायकांमध्ये कारण साधंच निघतं. आतलं अस्तर पातळ आणि कोरडं झालेलं असतं, किंवा एखादी निरुपद्रवी गाठ असते. पण काहींमध्ये तो गर्भपिशवीचा किंवा पिशवीच्या तोंडाचा कर्करोग असतो आणि त्याची पहिली खूण हीच असते. कोणती बाई कुठल्या गटात, हे फोनवरून तुम्हाला, मला किंवा तुमच्या डॉक्टर यजमानांनाही सांगता येणार नाही. आतून तपासणी, सोनोग्राफी आणि गरज वाटली तर तुकडा काढून तपासणं, एवढं झालं की कळतं. वेळेत सापडलेले हे दोन्ही कर्करोग बरे होऊ शकतात.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण तुमचा भाग मला ठाऊक आहे. तिथे कुणीतरी पटकन म्हणेल, "वय झालंय, पिशवी काढून टाकू, कटकट नको." तुकड्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत याला होकार द्यायचा नाही. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग असेल आणि तो माहीत नसताना साधी पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया झाली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या अशा सहज काढल्या गेल्या, ते २०१९मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यांतून काम केलं. तिशीत पिशवी गमावलेल्या बायका समोर बसायच्या, त्यांचे चेहरे मी विसरलेले नाही.

हे त्यांनी मुलाला न सांगता सुनेला सांगितलं, याचा अर्थही ओळखा. मुलगा डॉक्टर असला तरी आईच्या तोंडून हे त्याच्यापुढे निघत नाही. तेव्हा फोन तुम्हीच करा. जाऊबाई असतील तर त्यांना सोबत पाठवा आणि स्त्री-डॉक्टर बघा. भूमहून बार्शी काही लांब नाही आणि बार्शीला कर्करोगाचं रुग्णालय आहे.

आता बार्शीचं नाव निघालंच आहे, तर तुमच्या आकड्यांकडेही तिथूनच जाऊ.

भारतात कर्करोगाची पहिली नोंदवही मुंबईत १९६३ साली सुरू झाली. पुढची बरीच वर्षं आपल्याला कळत होते ते शहरांचेच आकडे. खेड्यासाठी पहिली नोंदवही १९८७मध्ये बार्शीला निघाली. बार्शी, परंडा आणि भूम, म्हणजे तुमच्या सासूबाईंचा तालुकासुद्धा त्यात आला. शहरात नोंदवही चालवणारा माणूस रुग्णालयं आणि प्रयोगशाळा फिरतो आणि कागद गोळा करतो. खेड्यात ते चालेना, कारण दुखणं घेऊन माणूस रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून बार्शीच्या लोकांनी पद्धतच उलटी केली. कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले, चार जाणत्या माणसांशी बोलू लागले, कुणाला न भरणारी जखम आहे, कुणाच्या छातीत गाठ आहे, कुणाला अवेळी लाल जातंय हे विचारू लागले आणि त्या माणसाला तपासणीपर्यंत आणू लागले. कर्करोग 'असणं' आणि कर्करोग 'मोजला जाणं' या दोन गोष्टींत किती अंतर असतं, ते मला या कामावरून जितकं कळलं तितकं कुठल्या पुस्तकातून कळलं नाही.

एवढ्या मेहनतीनं मोजूनही खेड्याचा आकडा शहरापेक्षा कमीच आला. तेव्हा सासूबाई पूर्ण चुकीचं बोलत नाहीत, हे मान्य करायला हवं. राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६च्या अहवालात उस्मानाबाद-बीडचं प्रमाण देशातल्या सगळ्या नोंदवह्यांमध्ये सर्वांत कमी आहे : लाख पुरुषांमागे ३९.५ आणि लाख स्त्रियांमागे ४९.४. तुम्ही पाहिलेत ते हेच आकडे. यातला काही फरक खराखुरा आहे. स्तनांचा कर्करोगच बघा. पहिलं मूल लवकर होणं, मुलं जास्त होणं, त्यांना दीर्घकाळ अंगावर पाजणं, यानं तो धोका कमी होतो. शहरात लग्न उशिरा, मूल एखादंच, वजन जास्त. म्हणून मुंबईत तो पुढे गेला, तर बार्शीच्या नोंदवहीत सुरुवातीला बायकांमध्ये पिशवीच्या तोंडाचा कर्करोगच सगळ्यात वर होता.

पण शहर-खेडं एवढ्यानं हिशेब संपत नाही. त्याच अहवालात पुरुषांचं सर्वांत जास्त प्रमाण मिझोरामच्या ऐजॉल जिल्ह्यात आहे, २६९.४, आणि स्त्रियांचं अरुणाचलच्या पापुम पारे जिल्ह्यात, २१९.८. दिल्ली-मुंबई त्यांच्या कितीतरी खाली आहेत. डोंगर, जंगल, स्वच्छ हवा यांनी कर्करोग दूर राहत असता तर हे दोन जिल्हे यादीच्या तळाशी असते. तंबाखू किती, खाणं काय, कुठले जंतुसंसर्ग, माणसं किती वर्षं जगतात आणि तपासणीला कोण पोचतं, हे विचारल्याशिवाय गावाला चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही.

आता तुमची 'दसपट'. हिनंच तुमची झोप घालवलेली दिसते, म्हणून जरा बसून समजून घ्या. कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा आजार. ज्या गावातली तरुण पोरं पुण्याला गेली आणि मागे म्हातारी माणसं उरली, त्या गावात तो जास्तच दिसणार. त्यात गावाचा दोष नाही. म्हणून दोन जागांची तुलना करताना दोन्हीकडे वयांची विभागणी सारखीच आहे असं धरून आकडा पुन्हा काढतात. कुठली विभागणी धरायची, ते मात्र ठिकाणागणिक बदलतं. अमेरिकेत २००० सालच्या तिथल्या लोकसंख्येची धरतात. तीत म्हातारी माणसं बरीच. भारतात जागतिक प्रमाण लोकसंख्येची धरतात, तीत तरुण जास्त. त्यामुळे तोच आजार असला तरी अमेरिकेचा आकडा मोठा दिसतो आणि आपला लहान. फरक आहे, मोठाही आहे. पण दसपट नाही. एकानं शेरानं मापलेलं आणि दुसऱ्यानं किलोनं मापलेलं धान्य तुम्ही शेजारी मांडलंत.

अमेरिकेतल्या गाव-शहरांची आपसांतली तुलना मात्र एकाच मापानं झालेली आहे आणि ती तुमच्या खऱ्या कामाची आहे. तिथल्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, २०१७मध्ये देशभरच्या काउंट्यांचा हिशेब मांडला. सगळे कर्करोग एकत्र धरले तर नव्या रुग्णांचं प्रमाण ग्रामीण काउंट्यांत लाखामागे ४४२ आणि महानगरी काउंट्यांत ४५७ निघालं. म्हणजे गावात थोडं कमीच. मृत्यूंचं प्रमाण मात्र गावात १८० आणि शहरात १५८. आजार कमी माणसांना होतो आणि मरतात जास्त. मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे घटत होतं, पण शहरात वर्षाला १.६ टक्क्यांनी आणि गावात १.० टक्क्यानं. दरवर्षी गाव थोडं थोडं मागे पडत होतं.

एकेक कर्करोग वेगळा काढला की कारण कळतं. स्तनांचे आणि प्रोस्टेटचे कर्करोग शहरी काउंट्यांत जास्त नोंदले जातात. तिथे तपासण्या जास्त होतात आणि ज्यानं कधी त्रासच दिला नसता असा आजारही सापडतो. फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा, मोठ्या आतड्याचा आणि पिशवीच्या तोंडाचा कर्करोग गावांत जास्त. पहिल्या दोघांच्या मागे तंबाखू आहे. पुढचे दोन तर तपासणीनं होण्याआधीच अडवता येतात. आतड्यातली गाठ काढून टाकता येते, पिशवीच्या तोंडावरचे पूर्वबदल जाळून किंवा गोठवून टाकता येतात. जे अडवता येतं तेच गावाच्या वाट्याला जास्त आलंय, याचा मला मनापासून राग येतो. नशिबावर ढकलायची ही गोष्ट नाही. रस्ता, विमा, डॉक्टर आणि यंत्र यांच्या वाटणीचा हा प्रश्न आहे.

तुमचं केंटकी यात सगळ्यात वरच्या राज्यांत मोडतं. १२० काउंट्या, त्यातल्या ५४ ॲपलेशियाच्या डोंगराळ पट्ट्यात. तंबाखू पिकवणारं राज्य. पिढ्यान्‌पिढ्या लोक सिगारेट ओढत आले. फुप्फुसाच्या कर्करोगात ते वर्षानुवर्षं देशात सर्वांत पुढच्या राज्यांत राहिलं आहे. पेपरातली बातमी खोटी नाही, पण ती वाचताना दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, तुमच्या काउंटीसारख्या लहान जागेचा आकडा उड्या मारतो. समजा वस्ती बारा हजार आहे आणि वर्षाला फुप्फुसाच्या कर्करोगाचे सरासरी बारा रुग्ण निघतात. काहीही बदललेलं नसताना एखाद्या वर्षी आठ निघतील, एखाद्या वर्षी सोळा. लाखाच्या हिशेबात तेच सदुसष्ट आणि एकशे तेहतीस होतं. 'प्रमाण दुप्पट' असा मथळा द्यायला तेवढं पुरतं. म्हणून जबाबदार आकडेवारीत पाच वर्षांची सरासरी देतात आणि सोळापेक्षा कमी रुग्ण असतील तर प्रमाण छापतच नाहीत. बातमीत किती वर्षांचा हिशेब होता, ते पाहा.

दुसरी, रुग्णाची नोंद निदानाच्या वेळी तो जिथे राहतो तिथे होते. तीस वर्षं खाणीत घालवून निवृत्तीनंतर लेक्सिंग्टन शहरात लेकीकडे गेलेला माणूस लेक्सिंग्टनच्या खात्यात पडतो. उलट, आज तुमच्या शेजारात सापडलेला आजार बहुधा वीस-तीस वर्षांपूर्वीच्या सिगारेटचा असतो. दोन वर्षांपूर्वी तिथे आलेल्या, तंबाखूला न शिवणाऱ्या तुमच्या कुटुंबाला तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. काउंटीचं प्रमाण म्हणजे काउंटीतल्या प्रत्येकाची पत्रिका नव्हे.

मग निघावं का? माझं मत विचारलंत तर कर्करोगाच्या भीतीनं निघू नये. मुलीची शाळा, एकटेपणा, मराठी बोलायला कुणी नसणं, यासाठी निघालात तर मी काही म्हणणार नाही. शहरातली बाई जे पाच मैलांवर मिळवते त्यासाठी तुम्हाला सत्तर मैल जावं लागतं. तुमचा धोका त्या अंतरात आहे आणि त्यावर उपाय आहेत.

सगळ्यात आधी घराच्या तळमजल्यात रेडॉन मोजा. जमिनीतल्या खडकांतून येणारा हा किरणोत्सारी वायू आहे, त्याला वास नाही, रंग नाही. धूम्रपानानंतर अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचं दुसरं कारण तोच, आणि जे ओढत नाहीत त्यांच्यात पहिलं. मोजायचा संच स्वस्तात मिळतो, काउंटीच्या आरोग्य खात्यात विचारा. काही दिवस खिडक्या-दारं लावून सगळ्यात खालच्या वापरातल्या मजल्यावर ठेवायचा आणि पाठवून द्यायचा. हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त निघालं तर तळाखालची हवा ओढून छपरावर सोडणारा पाइप आणि पंखा बसवतात. घर भाड्याचं असेल तर मालकाशी बोला. तुमच्या सगळ्या पत्रात हवा, पाणी, कोळसा आलं, पण घरातल्या हवेबद्दल एक शब्द नव्हता.

तुमची मॅमोग्राफी. चाळिशीपासून चौऱ्याहत्तरपर्यंत दर दोन वर्षांनी, अशी अमेरिकेतली सध्याची शिफारस आहे. फिरत्या मॅमोग्राफी व्हॅन केंटकीत गावोगाव जातात, तुमच्या काउंटीत कधी येणार ते आरोग्य खात्याला विचारा. लवकर येणार नसेल तर सत्तर मैल गाडी काढा. वर्षातला एक दिवस जाईल. त्याच दिवशी पिशवीच्या तोंडाची तपासणी राहिली असेल तर तीही करून या.

यजमानांचं वय सेहेचाळीस. आतड्याच्या तपासणीचं वय पंचेचाळीसला सुरू होतं आणि डॉक्टरमंडळी स्वतःचं हमखास विसरतात. त्यासाठी तर कुठे जावंही लागत नाही. शौचाचा नमुना घ्यायचा डबा टपालानं घरी येतो, टपालानंच परत जातो. त्यात काही निघालं तर मात्र दुर्बिणीची तपासणी लागते. याच बाबतीत तुमच्या केंटकीनं करून दाखवलंय. १९९९च्या सुमारास तिथे जेमतेम एक तृतीयांश लोकांची आतड्याची तपासणी झालेली होती, राज्य देशात अगदी तळाला होतं. डॉक्टर, आरोग्य खातं, काउंटी पातळीवरचे कार्यकर्ते एकत्र आले आणि दहा-बारा वर्षांत प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास गेलं. आतड्याचे नवे कर्करोग सुमारे पाव हिश्शानं घटले. डोंगर तेच, माणसं तीच.

मुलगी अकराची आहे, म्हणजे एचपीव्हीच्या लशीचं हेच वय. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग ज्या विषाणूनं होतो त्याच्यावरची ही लस आहे आणि ती अमेरिकेतल्या गावांत शहरांपेक्षा कमी मुलं घेतात. शाळेत कुणी आठवण करायची वाट बघू नका.

आणि आता पुन्हा भूम.

सासूबाईंना काय म्हणून समजवायचं, हा प्रश्न तुम्हाला पडेल. "तपासून या, कर्करोग असेल" असं सुरू केलंत तर त्या फोन ठेवतील. त्यांच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगा. १९९९ ते २००३ या काळात उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीच्या आणि मुंबईच्या डॉक्टरांनी तो आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर केला. गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी मिळाली, त्यात पुढच्या आठ वर्षांत पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगानं चौतीस बायका गेल्या. तपासणी न मिळालेल्या गटात चौसष्ट. चौथ्या गटाला काहीच का दिलं नाही, असा प्रश्न पुढे जगभरातून विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता. पण एका तपासणीनं मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगाला पटवलं ते याच जिल्ह्यातल्या शेतात राबणाऱ्या बायकांनी. २००९मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगभर वाचलं गेलं.

सासूबाई तेव्हा तिशी-चाळिशीत असतील. "आई, तेव्हा गावात बायकांची तपासणी करायला माणसं यायची, आठवतं का? तुमच्या माहितीतलं कोण गेलं होतं?" इथून बोलणं काढा. कुणाची ना कुणाची आठवण निघेल. तिथून "आता तुम्हीही एकदा बार्शीला जाऊन या, वहिनी सोबत येतील, मी गाडीचं बघते" इथवर यायला फार वेळ लागणार नाही. बरं वाटत नाही म्हणून माणूस गेला की गावभर चर्चा होते, ही त्यांची मोठी अडचण असणार. म्हणून बाजारहाटाला जोडून जाऊ दे. कुणाला कारण सांगायची गरज नाही.

तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजले की भूमला सकाळचे साडेसहा होतात. घरातली माणसं उठून बाहेर पडलेली नसतात, पण सासूबाई तुळशीपाशी किंवा चुलीपाशी एकट्या असतील. आज रात्रीच लावा फोन. आणि बार्शीत काय सांगितलं, तुकड्याचा रिपोर्ट काय आला, ते मला याच पत्त्यावर कळवा, मी वाट बघते आहे.